शेजाऱ्यांची विकेट आधी पडते

आमच्या सोसायटीत विकेट हप्त्याहप्त्याने पडते. पहिला हप्ता बी विंगच्या तळमजल्यावर. तिथल्या काकांकडे जुनी डिश आहे, त्यामुळे त्यांचं "आऽऽऊट!" सगळ्यात आधी. मग थोड्या वेळाने केबलवाले. मग आम्ही, म्हणजे वाय-फायवर ॲप लावून बसलेली वाकडची तमाम आयटी जनता. आणि शेवटी, सगळं शांत झाल्यावर, चौथ्या मजल्यावरून एकच आरोळी येते. तो बिचारा मोबाईल डेटावर बघतो. त्याच्याकडे विकेट पडते तेव्हा काकांकडे वेलचीची जाहिरात संपत आलेली असते.

हसण्यावारी नेण्यासारखा विषय आहे, मान्य. पण गेली दोन-तीन वर्षं मी यावर (गरजेपेक्षा जास्त) विचार करतोय आणि माझं मत दिवसेंदिवस कडवट होत चाललंय. मत असं, की मॅच बघण्यातली जी एक गोष्ट आपल्याला अगदी फुकट मिळत होती, तीच आपण घालवून बसलोय. आणि बदल्यात मिळालं काय? फोर-के. कव्हर ड्राइव्ह मारताना बॅटवरच्या स्टिकरचं सुटलेलं टोक दिसतं. बरं मग?

आधी जरा धंद्याचं बोलतो. कंटाळा आला तर खुशाल पुढच्या परिच्छेदावर उडी मारा. उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर वर. सिग्नल वर जाऊन खाली यायला लागतो साधारण पाव सेकंद. त्यात कॅमेऱ्यापासून डिशपर्यंतच्या बाकीच्या कटकटी धरल्या तरी काकांचं काम काही सेकंदांत होतं. इंटरनेटवर मात्र व्हिडिओ असा सलग वाहत येत नाही. त्याचे तुकडे पाडतात. पूर्वी दहा-दहा सेकंदांचे पाडायचे, आता सहाचे किंवा त्याहून छोटे. तुकडा पुरा झाल्याशिवाय तो पुढे पाठवता येत नाही. शिवाय तुमचा प्लेअर असे दोन-तीन तुकडे गाठीशी बांधून मगच सुरुवात करतो. का? तर मध्ये नेट गंडलं तर ते गोल गोल फिरणारं चक्र दिसू नये म्हणून. म्हणजे डबा वेळेवर मिळावा म्हणून बाई आदल्या रात्रीच पोळ्या करून ठेवतात, तसं. पोळी चुकत नाही, पण ताजीही नसते.

आता यात कुणाची लबाडी नाही, हे मी स्वतः असल्याच धंद्यात असल्यामुळे सांगू शकतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला वर्ल्ड कपची फायनल एकाच वेळी ५.९ कोटी लोक एका ॲपवर बघत होते. ५.९ कोटी! आमच्या सिस्टीमवर एका वेळी पाच हजार लोक आले तर मॅनेजर कॉन्फरन्स कॉल लावतो आणि तो कॉल पहाटेपर्यंत चालतो. तेव्हा ज्यांनी ते उभं केलं त्यांना माझा साष्टांग नमस्कार. पण नमस्कार करून झाल्यावर तक्रार करायची सोय असलीच पाहिजे की.

(जाता जाता: त्या १९ नोव्हेंबरच्या रात्री हा डिले अजिबात जाणवला नाही. हेडने १३७ मारले, आणि सगळ्या विंगा, सगळे मजले, डिशवाले, केबलवाले, डेटावाले एकाच वेळी गप्प होते. शांततेला डिले नसतो.)

लोक म्हणतात, अर्ध्या मिनिटाने काय बिघडतं? आमचा रूममेट तर म्हणतो, तुला निकाल कळण्याशी मतलब ना, मग तो आत्ता कळला काय आणि तीस सेकंदांनी कळला काय. हा माणूस पिक्चरला इंटरव्हलनंतर पोचला तरी त्याला चालतं, त्यामुळे त्याच्या मताला मी फार किंमत देत नाही. तरी प्रश्न रास्त आहे म्हणून उत्तर देतो.

तीस सेकंदांची किंमत कुणाला विचारायची असेल तर ती सट्टेवाल्यांना विचारा. मार्च २०२१ मध्ये इथेच गहुंज्याला भारत-इंग्लंड वनडे झाल्या. कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी. तर पोलिसांनी सट्टेबाजांची एक टोळी पकडली, आणि त्यातले काही जण कुठे सापडले? स्टेडियमजवळच्या टेकडीवर, दुर्बिणी घेऊन! टीव्हीवर बॉल दिसायच्या आधी तो डोळ्यांनी बघायचा आणि फोनवरून पुढे कळवायचं, एवढाच धंदा. बातमी वाचून ऑफिसात सगळे हसत होते. मला मात्र (त्यांचं समर्थन न करता) वाटलं, की 'लाईव्ह' या शब्दाचा अर्थ अख्ख्या पुणे जिल्ह्यात फक्त त्या टेकडीवरच्या मंडळींना कळला होता.

दुसरा मुद्दा तोडग्यांचा. हसू नका. आपल्याकडे मॅच बघणं म्हणजे मॅच खेळणंच असतं. आमच्या घरी आई खोलीत आली की विकेट पडते, हे माझ्या जन्माआधीपासून सिद्ध झालेलं आहे. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर सेहवाग शून्यावर आणि सचिन १८ वर गेला तेव्हा ती नेमकी चहा घेऊन बाहेर आली होती (असं बाबांचं म्हणणं). मग तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं करण्यात आलं. गंभीरचे ९७ आणि धोनीचे नाबाद ९१ तिने उंबऱ्यावरून, निम्मा टीव्ही दाराआड, अशा अवस्थेत बघितले. मी तेव्हा शाळेत होतो. डावी मांडी उजव्या मांडीखाली घेऊन बसलो होतो, पायाला मुंग्या आल्या, पण हललो नाही. वर्ल्ड कप आला. आता तुम्हीच सांगा, यात धोनीचा वाटा किती आणि माझ्या पायाचा किती?

तोडग्याचं एकच गृहीत असतं: बॉल अजून पडलेला नाही. काहीही होऊ शकतं, म्हणून मी हलायचं नाही. पण माझ्या स्क्रीनवर बॉलर रन-अपच्या टोकाला उभा आहे आणि खरा बॉल केव्हाच पडून, मारला जाऊन, बाउंड्रीवरून परत आलाय, तर मी मांडी घालून कुणाला मदत करतोय? आकाशातला एखादा तारा कधीच विझलेला असतो आणि आपण त्याच्याकडे बघून काहीतरी मागत असतो, तशातली गत. रॅशनल विचार करायचा तर तोडग्याला तसाही काही अर्थ नाही, मला ठाऊक आहे, माझ्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री आहे. पण पूर्वी तो चुकीचा होता. आता तो उशिराचा आहे. चुकीचं असणं परवडलं हो, उशिरा असणं फार केविलवाणं असतं.

आणि मग रोजचे अपघात. स्कोअरचं नोटिफिकेशन व्हिडिओच्या आधी येतं. तेही त्याच फोनवर, ज्यावर मी मॅच बघतोय. ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी नुसतं "शिट" लिहितं. कोण, कुठे, कशाबद्दल, काही नाही. तेवढ्यावर पुढची वीस सेकंदं काढायची. (एकदा ते "शिट" सर्व्हर पडल्याबद्दल होतं. इतका आनंद मला कुठलाच सर्व्हर पडल्यावर झालेला नाही.) सगळ्यात भारी किस्सा गेल्या वर्षीचा. बेल वाजली, बिर्याणी घेऊन पोरगा दारात. पिशवी माझ्या हातात देत म्हणाला, "गेला ना सर कोहली." मी मान वळवून टीव्हीकडे बघितलं तर कोहली ग्लोव्हज घट्ट करत होता. शांत, प्रसन्न, आपल्याच विचारात. त्याच्याकडे बघवेना. त्या पोराचा काय दोष? त्याने खालच्या वॉचमनच्या रेडिओवर ऐकलं असणार. टिप दिली. पण बिर्याणी काही गोड लागली नाही.

आता कुणी म्हणेल, एवढी स्पॉयलरची भीती वाटते तर २०११ ची फायनल परत परत का बघतोस? निकाल माहीत नाही का? बघतो की! कुलसेकराचा तो बॉल, तो सिक्स, वर्षातून एकदा तरी बघतोच. इथे खरी गंमत आहे आणि मला ती कळायला बराच वेळ लागला. त्रास निकाल माहीत असण्याचा नाहीये. जुनी मॅच बघताना मलाही माहीत असतं आणि जगालाही माहीत असतं, आम्ही सगळे एका बाजूला. 'कट्टप्पाने बाहुबलीला का मारलं' हे जुलै २०१५ पासून एप्रिल २०१७ पर्यंत कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हाही आपण सगळे एका बाजूला होतो. पावणेदोन वर्षं अख्खा देश एकाच प्रश्नावर अडकला होता आणि मजेत होता. त्रास असतो तो जगाला माहीत आहे आणि आपल्याला नाही, याचा. शाळेत सगळे हसतायत आणि जोक आपल्याला कळलेला नाही, ती जी भावना असते ना, अगदी ती. प्रत्येक ओव्हरला सहा वेळा.

२०११ ला सांगलीत आमच्या गल्लीत एकच केबलवाला होता. तो धोनीचा सिक्स गेला तेव्हा सगळ्या घरांतून एकच आवाज निघाला. एकच! पुढे-मागे नाही. मी गॅलरीत धावलो तर समोरचे आजोबा, ज्यांच्याशी आमचं पाण्याच्या मोटरवरून तीन वर्षं बोलणं बंद होतं, तेही त्यांच्या गॅलरीत आलेले. त्यांनी हात वर केला, बाबांनीही केला. मोटरचं भांडण पुढे चालूच राहिलं, ते सोडा.

याउलट २९ जून २०२४. बार्बाडोस, शेवटची ओव्हर, साउथ आफ्रिकेला १६ हवेत, समोर मिलर. पांड्या अजून बॉल हातात घोळवतोय आणि खालून काकांचा आवाज आला. आधी "नाऽऽही," मग एक जीवघेणी शांतता, मग अंगावर काटा आणणारी किंकाळी. माझ्या डोक्यात लगेच गणित: "नाही" म्हणजे उंच मारलाय. शांतता म्हणजे थर्ड अंपायर. किंकाळी म्हणजे आऊट. माझ्या स्क्रीनवर बॉल हवेत गेला तेव्हा मला सगळं माहीत होतं. सूर्यकुमारने बाउंड्रीवर तो पकडला, आत उडवला, बाहेर गेला, परत आत येऊन घेतला. क्रिकेटमधल्या सगळ्यात थरारक कॅचपैकी एक, आणि मी तो उत्तर आधी बघून सोडवलेल्या गणितासारखा बघितला. सात रननी जिंकलो. रूममेटला मिठी मारली. आनंद झाला का? झालाच, प्रश्नच नाही. पण तो आनंद काकांचा उष्टा होता, हे कुठेतरी खुपतं ते खुपतंच.

आता खरं कारण सांगतो, ज्यासाठी मी एवढा तापलोय.

माझ्यात आणि बाबांमध्ये बोलायचे विषय तीन. पगार, लग्न आणि क्रिकेट. पहिले दोन तीन मिनिटांत भांडणावर येतात. त्यामुळे नोकरीसाठी पुण्याला आल्यापासून महत्त्वाची मॅच असली की मी सांगलीला फोन लावतो, स्पीकरवर टाकतो आणि आम्ही दोघं आपापल्या घरी बसून 'एकत्र' मॅच बघतो. फार काही बोलत नाही. "फील्ड बघ कशी लावलीय." "हं." एवढंच. पण दोन-तीन तास फोन चालू असतो. पूर्वी होस्टेलवर असताना मी महिनाभरात बाबांशी तेवढं बोलत नसे.

बाबा डिशवर, मी ॲपवर. पहिल्या एक-दोन मॅचला त्यांनी सगळ्या विकेटा मला आधी सांगून टाकल्या. मी चिडलो. तेव्हापासून त्यांनी स्वतःला आवर घालायला सुरुवात केली, आणि ते आणखी अवघड झालं. कारण आता बाबा एकदम गप्प झाले की समजायचं, काहीतरी झालं. जन्मभर आरडाओरडा करत मॅच बघितलेला माणूस माझ्यासाठी तोंडावर हात धरून बसतो. २ नोव्हेंबर २०२५ ला बायकांच्या वर्ल्ड कपची फायनल होती, नवी मुंबईत. आमच्या सांगलीची स्मृती खेळतेय म्हटल्यावर बाबांनी दुपारपासूनच सोफा धरलेला. पावसाने उशीर झाला तरी ते उठले नाहीत. ती ४५ वर होती आणि फोनवर अचानक शांतता.

"बाबा, काय झालं?"

"कुठं काय? तू बघ."

'तू बघ' म्हणजे संपलंच की. मी बघितलं. कीपरकडे कॅच.

रात्री वोल्वार्ट शंभर करून आम्हाला घाम फोडत होती तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. "अगं धर... धर की... अगं... धऽऽर!" आणि मग ते लहान पोरासारखे हसायला लागले. माझ्या स्क्रीनवर अजून दीप्ती बॉल घेऊन परत निघाली होती. अमनजोतने तो कॅच हातातून उडत उडत तिसऱ्या प्रयत्नात कसा घेतला ते मला नंतर दिसलं, पण खरं सांगतो, बाबांच्या आवाजात तो जास्त चांगला झाला होता. आणि शेवट तर विचारूच नका. मध्यरात्रीची वेळ, फोनमधून सांगलीचे फटाके ऐकू येताहेत, आई मागून काहीतरी ओरडतेय, आणि माझ्याकडे शेवटची जोडी अजून पिचवर उभी आहे. हरमनप्रीतने मागे पळत जाऊन कॅच घेतला तोवर बाबा पेढ्यांचा डबा शोधायला आत गेले होते. भारताच्या बायकांनी पहिल्यांदा वर्ल्ड कप जिंकला तो क्षण मी फोनवरच्या रिकाम्या सोफ्यासोबत साजरा केला.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आठ कॅमेरे नकोत, मला हव्या त्या अँगलने बघायची सोय नको, स्क्रीनच्या कोपऱ्यात उडणारे बदाम नकोत. तो डिले कमी करा. तंत्र आहे, कमी उशिराच्या स्ट्रीमिंगचे प्रकार २०१९-२० पासून उपलब्ध आहेत. कोट्यवधी लोकांसाठी करणं महाग पडतं आणि अधूनमधून चक्र फिरेल, हे मला कळतं. फिरू दे. ज्याला गुळगुळीत हवंय त्याला ते, ज्याला ताजं हवंय त्याला हे, असा एक पर्याय तर द्याल? चित्र थोडं फाटलं तर फाटू दे. दूरदर्शनवर मुंग्या बघत वाढलेल्या लोकांची आम्ही पोरं आहोत.

तोवर स्वतःचे उपाय स्वतः करणं आलं. मी बाबांना सुचवलं, तुमच्या बॉक्सला पॉजचं बटण आहे, सुरुवातीलाच तीस सेकंद थांबवा, म्हणजे आपण बरोबर येऊ. तर म्हणाले, "लाईव्ह मॅच कोण थांबवतंय होय?" विषय संपला. उलट मलाच म्हणाले, तू तिकडं डिश का बसवत नाहीस. कशी बसवणार? घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना गच्चीवर डिश लावायची असेल तर अर्ज, ठराव आणि पुढची मीटिंग हवी.

शेवटी गेल्या महिन्यात बाबांनीच तोडगा काढला. म्हणाले, तू तो व्हिडिओ बंदच कर. आम्ही लहानपणी बाळ ज. पंडितांचं रेडिओवरचं मराठी वर्णन ऐकून मॅच बघायचो, टीव्ही होता कुठे? मी सांगतो, तू ऐक. फोनचा डिले तर अगदीच किरकोळ असतो, त्यामुळे इंजिनिअर म्हणून माझी काही हरकत नव्हती. लॅपटॉप मिटला, दिवा बंद केला, फोन छातीवर ठेवून आडवा झालो.

"हां, आला बॉलर... पळत आला... टाकला... अरे! अरे अरे अरे!"

"काय झालं बाबा?"

"थांब जरा, रिप्ले दाखवायलेत."